लेकराशी पूर्ण वाक्यात बोला

ज्या घरात सहा वर्षांच्या आतलं मूल आहे, त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे सांगायचं आहे. आईबाबांना, आजीआजोबांना, दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना आणि अंगणवाडीच्या ताईंनाही. मुलाशी बोलताना वाक्य मोडू नका. तुमच्या तोंडी जी बोली असेल तिच्यातच बोला, पण अख्खं वाक्य बोला.

हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. बाळ आधी सुटे शब्द शिकणार, मग ते जोडायला शिकणार, आणि व्याकरण तर शाळेतली गोष्ट. म्हणून आपण एकेक शब्द बाळापुढे ठेवत जातो. ‘बॉल’, ‘काऊ’, ‘मम्मम’. बाळाने शब्द परत म्हटला की टाळ्या. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत लहान मुलांवर जे काम झालं आहे, त्यातून वेगळंच चित्र दिसतं. व्याकरणाचं काम मूल पाळण्यात असतानाच सुरू होतं आणि ते कानांनी होतं. तोंडातून पहिला शब्द निघण्याच्या कितीतरी आधी.

जन्मून जेमतेम दोन-तीन दिवस झालेल्या बाळांना एका प्रयोगात इंग्रजी शब्द ऐकवले. त्यांत काही वस्तूंची आणि कृतींची नावं होती, काही वाक्य जोडणारे बारीकसारीक शब्द होते. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता, तरी हे दोन गट बाळांना नुसत्या आवाजावरून वेगळे ओळखू आले. हे १९९९ सालचं काम. त्याच्या तीन वर्षं आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग धार ऐकवली. मध्ये थांबा नाही, चढउतार नाही. फक्त काही अक्षरं एकमेकांच्या मागे हमखास येत होती आणि काही कधीमधी. अवघ्या दोन मिनिटांत बाळांनी हमखास येणारे गट वेगळे काढले. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कोणत्या आवाजामागून कोणता आवाज येतो याचा हिशेब त्यांचा मेंदू आपल्या आपण ठेवत होता.

पुढची पायरी तर आणखी नवलाची आहे. कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ या दोघींनी सतरा महिन्यांच्या आसपासची मुलं आईच्या मांडीवर बसवली. समोर दोन पडदे ठेवले. एकावर कुकी मॉन्स्टर नावाचा बाहुला बिग बर्ड नावाच्या बाहुल्याला गुदगुल्या करतोय, दुसऱ्यावर बिग बर्ड कुकी मॉन्स्टरला. बाहुले तेच, कृती तीच, शब्दही तेच. फरक फक्त कोण करतोय आणि कुणाला करतोय याचा. इंग्रजीत तो फरक शब्दांच्या क्रमावरून कळतो. वाक्य ऐकू आल्यावर मुलं जुळणाऱ्या पडद्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. या वयाच्या मुलांना स्वतःला दोन शब्द जोडून बोलणंही अजून धड जमत नसतं.

तेव्हा ‘त्याला कुठे कळतंय’ हे वाक्य घरातून काढून टाका. बोलता येत नाही आणि कळत नाही या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१९६९ साली एलिझाबेथ शिप्ली, कार्लोटा स्मिथ आणि लायला ग्लाइटमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो या सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यातून आईबापांना थेट उत्तर मिळतं. दोन-दोन शब्दांची तोडकी वाक्यं बोलू लागलेल्या मुलांना त्यांनी तीन तऱ्हांनी सूचना दिल्या. कधी नुसतं ‘चेंडू’, कधी ‘टाक चेंडू’ असं तोडकं, कधी ‘माझ्याकडे चेंडू टाक’ असं नीट वाक्य. मूल स्वतः ‘टाक चेंडू’ एवढंच बोलत होतं, पण हाललं ते नीट वाक्य ऐकून. आपल्यासारखं तोडकं बोलणारा माणूस त्याला नको होता. आपण मात्र त्याच्या पातळीवर उतरायचं म्हणून तोडकं बोलतो आणि त्याला जे हवं तेच काढून घेतो.

लाडाच्या सुराबद्दल गैरसमज नको. बाळाशी बोलताना आवाज चढतो, स्वर लांबतात, बोलणं संथ होतं, ते चांगलंच आहे. त्या सुरात वाक्याचे जोड ठळक ऐकू येतात. ‘आलं गं माझं सोनं, उठलं का झोपून, आता आपण दूदू पिऊ’ हे लाडाचंही आहे आणि पूर्णही. ‘दूदू’ म्हणा, ‘भूभू’ म्हणा, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वाक्यच गायब झालं की.

आता शहरातल्या घरांतली एक सवय. ‘शूज घाल, हँड वॉश कर, मिल्क फिनिश कर, बघ तो हॉर्स.’ पुढे इंग्रजी शाळेत जायचंय म्हणून घरात आतापासून इंग्रजी नावं. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचं डोकं गोंधळतं, असं मी मुळीच म्हणत नाही. जगात असंख्य मुलं दोन-तीन भाषा एकदम शिकतात. बस, टेबल, मोबाइल हे शब्द आता आपलेच आहेत. हरकत वेगळी आहे. मराठीत नाम प्रत्ययापुढे आपलं रूप बदलतं. घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. लाडू, पण लाडवाचा. भिंत, पण भिंतीवर. मराठी व्याकरणाचा हा कणा आहे, आणि मुलाने तो हजार वेळा ऐकायला हवा. ‘हॉर्स’ आणि ‘वॉटर’ हॉर्सला, वॉटरमध्ये असे जसेच्या तसे राहतात. म्हणजे मुलाला दोन-चार इंग्रजी नावं मिळाली, इंग्रजीचं वाक्य मिळालंच नाही, आणि मराठीचं जे मिळत होतं तेही पातळ झालं. इंग्रजी द्यायचीच असेल आणि ज्याला ती सहज येते असं कुणी घरात असेल, तर त्याने मुलाशी पूर्ण इंग्रजी वाक्यांत बोलावं. बाकीच्यांनी पूर्ण मराठीत.

प्रत्ययांवर मी इतका जोर देते त्याला आधार आहे. १९८२ मध्ये डॅन स्लोबिन आणि टॉम बीव्हर यांनी चार भाषांमधल्या लहान मुलांना खेळण्यातले प्राणी देऊन वाक्यं करून दाखवायला सांगितली. तुर्की मुलं सगळ्यांत लवकर पुढे गेली. तुर्कीत ज्याच्यावर क्रिया होते त्या शब्दाला ठसठशीत प्रत्यय लागतो, जवळजवळ आपल्या ‘ला’सारखा, त्यामुळे शब्द पुढेमागे झाले तरी दोन वर्षांच्या मुलांनाही अर्थ लागत होता. जर्मनमध्येही विभक्ती आहे, पण बऱ्याच नामांत कर्त्याचं आणि कर्माचं रूप सारखंच दिसतं. तिथल्या मुलांना क्रम बाजूला ठेवून फक्त विभक्तीवर विसंबायला सातवं वर्ष उजाडतं, असं २००८ मधल्या अभ्यासात दिसलं. खूण जितकी स्पष्ट आणि नेमाने कानी पडते, तितकी ती लवकर रुजते. ‘कुत्र्याने मांजराला पाहिलं’, ‘कुत्र्याला मांजराने पाहिलं’ या दोन वाक्यांमध्ये सगळा खेळ ‘ने’ आणि ‘ला’चा आहे. ही अक्षरं बारीक आहेत, वाक्यात त्यांच्यावर जोर नसतो, घाईत आपण ती गिळतो. लहानांशी बोलताना ती गिळू नका. एवढं एकच पाळलंत तरी पुष्कळ झालं.

मेंदूत काय चालतं, तेही थोडं समजून घ्या, कारण त्यावरून मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरतं. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू तपासून कपाळाच्या डाव्या बाजूच्या मागचा एक भाग दाखवला. आज त्याला ब्रोकाचा भाग म्हणतात. कानाच्या वर, डाव्या बाजूला दुसरा भाग, जिथे ऐकलेल्या बोलण्याची पहिली उकल होते. या दोन भागांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा मेंदूच्या वरच्या अंगाने कमानीसारखा वळून जातो. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत अँजेला फ्रीडेरिची आणि त्यांच्या गटाने हा पट्टा वर्षानुवर्षं अभ्यासला. नवजात बाळात तो ब्रोकाच्या भागापर्यंत पोचलेला दिसत नाही. तंतूंवर चरबीचं आवरण चढत जातं तसतसा संदेश वेगाने धावू लागतो. कच्चा रस्ता हळूहळू पक्का व्हावा तसं ते काम आहे, आणि सातव्या वर्षीही ते पुरं झालेलं नसतं. मधल्या काळात मूल मेंदूच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या वाटेवर बरंच भागवतं. सोपी, ओळखीच्या घडणीची वाक्यं तिथून निभतात.

मुलांच्या डोक्याला सेन्सरची मऊ टोपी घालूनही मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात. दुखत नाही, मूल मांडीवर बसून ऐकत असतं. मोठ्यांच्या बाबतीत वाक्यात अर्थ न जुळणारा शब्द आला की एक लहर उठते आणि घडण मोडली की वेगळी, थोडी उशिराची. लाइपझिगला छोट्यांना असं वाक्य ऐकवलं, की ज्यात ‘मध्ये’च्या अर्थाचा शब्द येतो, पण कशामध्ये ते नामच गाळलेलं. दोन वर्षांच्या मुलांच्या मेंदूत उशिराची लहर उठली, म्हणजे काहीतरी मोडलंय हे त्यांना जाणवलं. पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांमध्ये तिच्या आधीची, झटकन उठणारी लहरही दिसली. नऊ महिन्यांत एवढा फरक. मात्र अर्थ आणि घडण ही दोन कामं मेंदूत वेगळी व्हायला फार वेळ लागतो. त्याच संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये ती एकमेकांत मिसळलेली होती. नऊ-दहाव्या वर्षी कुठे ब्रोकाच्या भागात घडणीचं काम स्वतंत्र दिसू लागलं.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा: चार वर्षांचं मूल वाक्याची घडण ऐकतं खरं, पण शब्दांचा अर्थ, समोर दिसणाऱ्या वस्तू आणि नेहमी काय होतं याची आठवण यांचा आधार घेत घेत. हा आधार आणि घडण एकमेकांविरुद्ध गेले, की ते चुकतं. ‘खाऊ घेण्याआधी हात धू’ म्हटलं की पुष्कळदा हात थेट खाऊच्या डब्यात जातो. ईव्ह क्लार्क यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की तीन ते पाच वर्षांची मुलं ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या वाक्यांत जे पहिलं ऐकलं ते पहिलं घडलं असं धरून चालतात. तेच ‘हात धुऊन मग खाऊ घे’ असं म्हणा. जे आधी करायचं ते आधी सांगा.

दुसरी अडचण अशी की लहान मूल एकदा वाक्याचा अर्थ लावून बसलं, की पुढचा शब्द ऐकून तो बदलणं त्याला जड जातं. १९९९ मध्ये जॉन ट्रूजवेल यांनी पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्ये हे दाखवलं. पुढे कोरियन मुलांमध्येही ते दिसलं. कोरियनमध्ये आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं. मराठीत तर नकारही शेवटी येतो. ‘त्या गरम भांड्याला हात लावू नकोस’ या वाक्यात ‘नकोस’ ऐकू येईपर्यंत मुलाने भांडं, हात, लावणं एवढं सगळं ऐकलेलं असतं. म्हणून धोक्याच्या वेळी ‘थांब!’ आधी म्हणा, कारण नंतर सांगा. एका वाक्यात तीन कामं घालू नका. आणि एवढं करूनही मुलाने भलतंच केलं तर लगेच हट्टी, आगाऊ, उलट्या डोक्याचं ठरवू नका. कितीतरी मुलांना ज्या गोष्टीबद्दल धपाटा बसतो, ती त्यांना न पेललेली वाक्यरचना असते. मला याचं फार वाईट वाटतं.

हेच अंगणवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या ताईंनाही सांगायचं आहे. गणिताची अडचण कधीकधी गणिताची नसतेच. ‘रमाने मीनाला दिलेल्या पेन्सिली तिच्याकडच्या पेन्सिलींपेक्षा दोनने कमी आहेत’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला वजाबाकीच्या आधीच थकवतं. ते तोडून दोन वाक्यांत सांगून पाहा, मग ठरवा मुलाला काय येत नाही ते.

मुलाच्या चुकांबद्दल मात्र मी आईबापांना आनंदाने सांगेन. ‘मी करलं’, ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘आजी येली’ असं मूल बोलू लागलं की घरातले हसतात किंवा दुरुस्त करतात. पण हे त्याने कुणाकडून ऐकलं? कुणाकडूनच नाही. पडला, बसला, उठला, हसला यांतून त्याने नियम काढला आणि ‘कर’ला लावून पाहिला. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं ‘वग’ हे नाव सांगितलं आणि मग दोन दाखवले. जगात नसलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक छोट्यांनी बिनचूक केलं. पाठांतराने हे होत नाही. ‘करलं’ म्हणणारं मूल मागे पडलेलं नाही, नियम पकडण्याइतकं पुढे आलेलं आहे. ‘करलं नाही, केलं म्हण! म्हण, केलं!’ असं त्याला चारचौघांत घोकायला लावू नका. ‘हो का? तू केलंस? एकट्याने केलंस?’ असं म्हणून पुढे चला. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, त्याचं बोलणंही तुटलं नाही. केव्हा ना केव्हा ‘केलं’ येतंच.

बोलणं तुटू न देणं हीच गोष्ट मेंदूतही दिसते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रेचल रोमियो यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं दिवसभर ध्वनिमुद्रित केलं आणि मग मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. ते काम २०१८ मध्ये आलं. ज्या मुलांच्या घरी मोठं माणूस आणि मूल आळीपाळीने जास्त वेळा बोलत होतं, त्यांच्या ब्रोकाच्या भागात जास्त हालचाल होती. नुसते किती शब्द कानावर पडले यावर ते ठरत नव्हतं, घरची मिळकत किती यावरही नाही. म्हणजे शेतावर राबून आलेली, चार वर्ग शिकलेली आई चुलीपुढे बसून लेकराचं ऐकून घेते आणि त्याला उत्तर देते, ती जे देते ते महागड्या खेळण्यात मिळत नाही. मोबाइलमध्येही नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना तिचे आवाज उमगू लागले, तेच टीव्हीवरून ऐकणाऱ्या बाळांच्या पदरी काहीच पडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास. जेवू घालताना मोबाइल समोर धरणं हल्ली घरोघर दिसतं. ती अर्ध्या तासाची बोलण्याची वेळ आपण रोज घालवतो आहोत. भाताच्या घासाबरोबर चिऊची, काऊची वाक्यं परत आणा.

आणि ती तुमच्या बोलीत आणा. ‘मला’ म्हणा, वऱ्हाडातलं ‘मले’ म्हणा, मालवणीतलं ‘माका’ म्हणा. प्रत्येक बोलीला आपलं पूर्ण व्याकरण आहे, आणि मुलाच्या मेंदूला हवी असते ती पूर्ण, नेमाने चालणारी भाषा. नातवाची भाषा बिघडेल म्हणून आजीला गप्प बसवणाऱ्या सुनांना आणि लेकांनाही हात जोडून सांगते, आजीला बोलू द्या. पुस्तकी मराठी मूल पुढे शिकेल. गोंडी, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या घरांनाही हेच. अंगणवाडीत मराठी येणारच आहे, घरी तुमची भाषा सोडू नका. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे.

शेवटचं सांगणं कानांबद्दल. वर जे बारीक प्रत्यय म्हटले, ते कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानातून सगळ्यांत आधी निसटतात. सर्दी वारंवार होते, कान वाहतो, हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, अशी लक्षणं दिसली तर ‘मोठा झाला की बोलेल, त्याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत वर्ष काढू नका. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर दाखवाच. काही मुलांचे कान उत्तम, बुद्धी उत्तम, तरी वाक्याची घडण त्यांना धरता येत नाही. परदेशांतल्या पाहण्यांत शंभरात सात मुलांच्या आसपास ही अडचण दिसली आहे. त्यात आईचा दोष नसतो, आणि वेळेत वाचा-उपचार मिळाले तर मुलाला बरीच मदत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलांना तपासायला येतं; त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून स्वतः जा आणि डॉक्टरांना मूल काय बोलतं, काय ऐकतं ते सांगा. ते जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत कान आणि वाचा दोन्ही तपासतात. जाताना मूल बोलतं ती पाच-सहा वाक्यं, जशी बोलतं तशीच, कागदावर लिहून न्या. डॉक्टरांपुढे मुलं बहुतेक वेळा गप्पच बसतात.